आवाज घरचा, मायक्रोफोन कोणता?



गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी गिटार आणि कोरा करकरीत मायक्रोफोन घेऊन घरी आला. म्हणाला, "सर, गातो मी, पण ऐकू येतो पंखा!" मला हसू आलं नाही. वडिलांनी सोयाबीन विकून तो घेऊन दिला होता.

आता पाहा, मायक्रोफोनच्या मुख्य जाती दोन. डायनॅमिकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते. आवाजाने पडदा हलला की वेटोळे लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यात वीज निर्माण होते. १९६६ साली निघालेला शुअरचा एसएम ५८ याच जातीचा. गडी दणकट, जवळचे ऐकतो, लांबचे फारसे मनावर घेत नाही.

कंडेन्सर नाजूक. त्याचा पडदा फार हलका, म्हणून तारेवरून बोट सरकल्याची कुजबुजही तो टिपतो. त्याला बाहेरून वीज लागते, बहुधा ४८ व्होल्ट. गिटारला हा उत्तम. पण ज्याचे कान तिखट, त्याला शेजारचा मिक्सर, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच ऐकू येणार! दुकानदार किंमत सांगतो, तुमची खोली कशी आहे हे विचारत नाही. वर पत्रे आणि भिंती उघड्या असतील, तर गाण्यासाठी आधी साधा डायनॅमिक घ्यावा, असे माझे मत आहे.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही, बरं का. २००९ साली मी आईच्या ओव्या कंडेन्सरवर मुद्रित केल्या, त्याही स्वयंपाकघरात. फ्रीजची घरघर तिच्या आवाजावर बसली आहे. पुढच्या सुट्टीत पुन्हा करू म्हटलं. त्या सुट्टीपर्यंत आई राहिली नाही.

गिटारसाठी मायक्रोफोन भोकासमोर धरू नये, नुसता घुमारा येतो. मान जिथे पेटीला मिळते त्या बाजूला, बाराव्या पडद्यासमोर, वीतभर ते फूटभर अंतरावर ठेवावा. गाताना तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरपा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा झोत त्यावर आदळत नाही. फार जवळ गेलात तर खर्ज उगाच फुगतो.

विद्यार्थ्याचा कंडेन्सर एका बाजूनेच ऐकणारा होता. त्याची पाठ खिडकीकडे केली, गाणाऱ्याच्या मागे दोन गोधड्या टांगल्या, पंखा बंद. तिसऱ्या खेपेला गाणं स्वच्छ उतरलं. घाम पुसत तो म्हणाला, "सर, उद्या आजीला बसवतो."