कळा सोसताना जवळ कुणीतरी हवं

आज आधी माझीच गोष्ट सांगते. थोरल्याच्या वेळी दवाखान्यात गेले, तर आईला व्हरांड्यातच थांबवलं. आत सिस्टर एक आणि आम्ही अडलेल्या बायका तिघी. रात्रभर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कळांचं दुखणं कधीच विसरले. पण ‘इथं काही झालं तर कुणाला कळायचंसुद्धा नाही’ असं जे वाटलं होतं, ते २२ वर्षांनीही आठवतं.

शहरात हल्ली ‘डूला’ नावाच्या बाया असतात. शब्द ग्रीक, काम आपल्या ओळखीचं. डूला म्हणजे सुईण नव्हे. ती तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. पहिल्या कळेपासून बाळ हातात येईपर्यंत ती बाईजवळ बसते, धीर देते.

नुसतं बसून काय होतं, असं म्हणाल. ग्वाटेमाला देशातल्या एका दवाखान्यात याचा अभ्यास झाला, तो १९८० साली छापून आला. काही बायकांजवळ एक अनोळखी, काही न शिकलेली बाई बसवली. ती बोलायची, पाठ चोळायची, हात धरायची. ज्यांना काही अडचण आली नाही, त्यांचे तास मोजले. सोबत होती त्या सरासरी ९ तासांच्या आत मोकळ्या झाल्या, एकट्या होत्या त्यांना १९ तासांहून जास्त लागले. पुढे जगभरातले असे २६ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत १५ हजारांहून जास्त बायका होत्या. सोबत असलेल्यांची सिझेरियन कमी झाली, दुखणं थांबवायची औषधंही कमी लागली.

आपल्याला डूला परवडायची नाही. पण २०१६ साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मुभा दिली आहे. ती नात्यातली बाई असावी, स्वतः बाळंत झालेली असावी. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी. डॉक्टर-सिस्टरच्या कामात तिनं मध्ये पडायचं नाही.

गेल्या वर्षी पुतणीबरोबर मी आत गेले. आठव्या महिन्यातच आशाताईला बरोबर घेऊन दवाखान्यात विचारून ठेवलं होतं. ऐन वेळी दारात वाद घालून काही होत नाही. कळ आली की कंबर दाबून धरायची, कळ गेली की सिस्टरला विचारून घोटभर पाणी. थोडं चालवलं. लघवीला न्यायची आठवण ठेवली, कारण कळांच्या नादात पोरीला तेही सुचत नाही. माझ्याकडून एक चूक झाली. घाईघाईनं ‘जोर लाव, जोर लाव’ म्हणाले, आणि सिस्टर रागावली. बरोबरच होतं तिचं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर लावला तर बाई दमते, सूजही येते. पोट वरून दाबणं, घरून काढा नेऊन पाजणं, हेही अजिबात नको. अंगावरून रक्त जास्त जायला लागलं, झटका आला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर धीर देत बसायचं नाही, लगेच सिस्टरला हाक मारायची.

आणि सोबतीण निवडायची ती पोरीला विचारून. सासूच हवी, आईच हवी, असा मानपानाचा विषय करू नका. मुलगा होईल की मुलगी, हे आत बोलणारी तर नकोच. माझ्या पुतणीनं सख्ख्या आईला सोडून मला निवडलं. जाऊबाई दोन दिवस फुगून होत्या. पोरगी म्हणाली, ‘आई माझ्याआधी रडायला लागली असती.’

आमच्या गटात या महिन्यात तिघी दिवसांवर आहेत. शुक्रवारच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की त्यांना एकच विचारणार आहे, आत कोण हवं?