शाकाहारी घरातली आकडी



मेंदूतल्या जंतांच्या परिषदेला बाजार समितीचा सभापती स्वागताध्यक्ष कसा, असे पुष्कळांनी विचारले. या आजाराची एक वाट भाजीच्या जुडीतून जाते, म्हणून!

डुकराचे कच्चे राहिलेले मांस खाल्ले की माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत आकडी आणणारी गाठ होते ती मात्र त्याची अंडी पोटात गेल्याने, आणि ती येतात माणसाच्याच विष्ठेतून. मैलापाण्यावर पिकलेली कोथिंबीर, न धुतलेले हात यांतून ती ताटात पोचतात. त्यामुळे माळकऱ्याच्या घरातही आकडी येते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या कर्मठ ज्यू कुटुंबांत हा आजार सापडल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. माग घरकामगारांपर्यंत गेला. त्यांतल्या एकीच्या आतड्यात फीतकृमी निघाला. अशा बाईला गरज असते ती तपासणीची आणि गोळीची. गावकुसाबाहेर डुकरे पाळणाऱ्यांकडे बोट दाखवून आपलीही सुटका नाही.

आपल्या देशात सीटी स्कॅनवरची अशी लहान गाठ पूर्वी सर्रास क्षयाची समजली जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम् राजशेखर यांनी गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेकींत या कृमीची अळी निघाली. क्षयाची अनावश्यक औषधे त्यामुळे अनेकांची टळली. आमच्या खेड्यांत अजून आकडी आली की आधी कांदा, मग चप्पल, मग भगत आणि सर्वांत शेवटी डॉक्टर. मुलगी असेल तर डॉक्टरही लपूनछपून. हा क्रम उलटवण्याचे काम गावोगावच्या आशाताईंएवढे कुणालाच जमणार नाही.

आणि हा आजार हटतो. पेरूच्या तुम्बेस भागात माणसांना औषध आणि डुकरांना औषध व लस दिल्यावर १०७ पैकी १०५ गावांत प्रसार थांबला. डुकरांची अशी लस आपल्या हैदराबादेतही तयार होते. म्हणून डॉक्टर, पशुवैद्यक, ग्रामसेवक आणि भाजीवाले यांना आज एका मांडवात बसवले आहे. उठण्यापूर्वी तालुक्यापुरता तरी एक कार्यक्रम ठरवा. भाजी धुण्याच्या स्वच्छ पाण्याची जबाबदारी बाजार समिती घेईल.

दुपारी पंगत आहे. व्यवस्थेत उणे राहिले तर सांभाळून घ्या. पण भोजनमंडपाच्या दाराशी ठेवलेला साबण कुणी चुकवू नका, अध्यक्षांनीसुद्धा!