अंडी खाणार कोण?



बैल घ्यायचा तर आपण दात मोजतो, औताला जुंपून बघतो, रुमालाखाली बोटं दाबून पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. त्याच आपल्या सांगली-साताऱ्यात 2019 साली कडकनाथचा घोटाळा फुटला. कोंबडी मूळची झाबुव्याकडची, काळ्या मांसाची. इस्लामपूरच्या कंपनीची योजना अशी: सुमारे 75 हजार भरा, 200 पिल्लं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं उचलू. शिकलेली पोरंसुद्धा पैसे घेऊन धावली.

एवढ्या भावानं एवढी अंडी खाणार कोण? अंड्यांची पिल्लं करायची आणि पुढच्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालायची, एवढाच मार्ग. मांडा हिशेब. 100 माद्या, वर्षाला 80 अंडी. झाली 8 हजार. निम्मी वाया गेली तरी 4 हजार पिल्लं, म्हणजे 20 नवे शेतकरी. दुसऱ्या वर्षी 400, तिसऱ्या वर्षी 8 हजार, चौथ्या वर्षी 1 लाख 60 हजार! चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित.

लबाडाचा अंदाज बांधता येतो, त्याला पैसा हवा असतो. मूर्खपणाचा बांधता येत नाही. तो शाळेचा दाखला बघून येत नाही. जो तो समजत होता, बुडतील ते मागून येणारे. 2012 साली तमिळनाडूत इमूपालनाच्या योजना अशाच बुडाल्या होत्या. कुणाला आठवल्या?

खाद्य बंद झालं, अंडी कुणी उचलेना. शेडातल्या कोंबड्या उपाशी मेल्या. कर्जाचे हप्ते चालू राहिले.