पहाडपूरच्या विटा

लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा काळा कातळ येतो. आज मी तुम्हांला जिथे कातळच नाही अशा मुलखात नेणार आहे. बांगलादेशाच्या नौगाव जिल्ह्यातलं पहाडपूर, म्हणजेच जुना सोमपूर महाविहार, एक बौद्ध मठ. पालवंशाच्या धर्मपाल राजाने तो आठव्या शतकाच्या अखेरीला बांधवला. उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर सोमपूर आणि धर्मपाल ही दोन्ही नावं आहेत.

विहाराची प्रत्येक बाजू सुमारे २८० मीटर, चारी बाजूंना भिक्षूंच्या १७७ खोल्या, आणि अंगणाच्या मधोमध क्रूसाच्या आकाराचं, टप्प्याटप्प्याने चढत जाणारं मंदिर. सगळं विटांचं, आणि विटा सांधल्या आहेत त्या चिखलाने! मध्यभागी चौकोनी पोकळ गाभा, त्याला टेकून चार दिशांना चार दालनं, भोवती प्रदक्षिणेच्या वाटा. या घडणीचे धागे अभ्यासक म्यानमारमधल्या पगानपर्यंत आणि जावापर्यंत जोडतात.

मला मात्र उंचीपेक्षा पायथा मोठा वाटतो. तिथे साठाहून अधिक दगडी मूर्ती बसवलेल्या आहेत. बौद्ध मंदिर असूनही त्यांतल्या बहुतेक हिंदू देवतांच्या: कृष्ण, बलराम, शिव. काही अभ्यासकांना त्या आधीच्या एखाद्या देवळातल्या वाटतात. ते काहीही असो, बांधणाऱ्यांनी त्या झाकल्या नाहीत, फोडल्या नाहीत. याच अवशेषांत इ. स. ४७९चा ताम्रपट मिळाला. नाथशर्मा आणि त्याची पत्नी रामी या ब्राह्मण दांपत्याने जैन विहारातल्या पूजेसाठी जमीन दिल्याची त्यात नोंद आहे. एका जागेच्या इतिहासात तीन धर्म इतक्या निकट आलेले पाहिले की मन भरून येतं.

भिंतींवर भाजक्या मातीचे दोन हजारांहून अधिक फलक होते. देवादिकांबरोबर त्यांत शेतकरी आहे, वादक आहेत, माकडं आणि मुंगूस आहे, पंचतंत्रातल्या गोष्टीही आहेत. राजाश्रयाच्या वास्तूवर गावचं जगणं इतक्या मोकळेपणाने आलेलं क्वचितच दिसतं.

आणि हे उकलण्यात आपली मराठी माणसं होती. त्यांच्याआधी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम १८७९मध्ये येऊन गेले, पण जमीनदाराच्या विरोधामुळे त्यांना फारसं खणता आलं नाही. १९२३मध्ये देवदत्त भांडारकरांच्या देखरेखीखाली खरं उत्खनन सुरू झालं. पुढे काशिनाथ नारायण दीक्षितांनी ते वर्षानुवर्षं नेटाने चालवलं आणि १९३८मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात त्यांचं नाव मोहेंजोदडोच्या उत्खननाच्या ओघात घेतलं जातं, तेही फार थोड्यांकडून. पहाडपूरसाठी ते घेतलं गेलं पाहिजे.

१९८५मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आलं. पण खालून चढणारं पाणी आणि खार विटांना पोखरत असतात. झिजलेल्या फलकांच्या जागी काही ठिकाणी नव्या प्रतिकृती बसवल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी ढाक्याला जाणार असेल तर नौगावसाठी वेळ राखून ठेवा, आणि निघण्यापूर्वी दीक्षितांच्या अहवालातली छायाचित्रं पाहून घ्या. जुना फलक कुठला आणि नवा कुठला, हे तिथे उभं राहून ओळखायला तीच कामी येतील.