अंदमान समुद्राच्या तळाखाली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अंदमान म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभी राहते ती सेल्युलर कारागृहातील सावरकरांची कोठडी. आपल्या पूर्वजांनी ज्याला काळे पाणी म्हटले, त्या पाण्याच्या तळाखाली काय दडले आहे, हा आजचा विषय. चेन्नईत राहणाऱ्या आपणांस तो परका नाही.

अंदमान-निकोबार बेटांच्या पश्चिमेस भारतीय भूपट्ट शेजारच्या लहानशा ब्रह्मी भूपट्टाखाली सरकत आहे. बेटांच्या पूर्वेस मात्र नेमका उलटा प्रकार आढळतो. तेथे अंदमान समुद्राचा तळ ताणला जाऊन दुभंगतो आणि त्या भेगेतून वर येणाऱ्या शिलारसाचे नवे कवच बनते. गेली सुमारे चाळीस लक्ष वर्षे हे कार्य चालू आहे. बेटे आणि ही भेग यांच्या दरम्यान ज्वालामुखींची रांग आहे. तीतील बॅरन बेट दीडशेहून अधिक वर्षांच्या निद्रेनंतर १९९१ साली पुन्हा जागे झाले.

चार किलोमीटरपर्यंत खोल पाण्याखालचे हे कवच पाहावयाचे कसे? वैद्य छातीवर बोटांनी ठोकून आतील अवस्था ओळखतो, तसाच हा उपाय आहे. जहाजावरून दाबलेल्या हवेचे स्फोट करून ध्वनिलहरी खाली पाठवितात. पाण्यात त्यांचा वेग सेकंदाला दीड किलोमीटर, कवचाच्या खालच्या थरात सहा-सात, तर त्याखालील प्रावरणात सुमारे आठ किलोमीटर असतो. लहरी परतण्यास लागलेल्या वेळावरून थरांची जाडी कळते. खंडाखाली हे कवच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड असते, तर सागराखाली जेमतेम सात.

भूकंपमापक यंत्रेही वजन बांधून तळाशी सोडतात. काही महिन्यांनी जहाजावरून ध्वनिसंकेत देताच वजन सुटते आणि यंत्र नोंदींसह वर तरंगते. केवळ बेटांवरील यंत्रांच्या आधारे समुद्राखालच्या धक्क्याची खोली ठरविणे अवघड असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या द्रोणीच्या अभ्यासात मोठा वाटा उचलला आहे, हे आपणांस अभिमानास्पद आहे.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूपट्टांची सीमा फाटू लागली आणि ती भेग उत्तरेकडे तेराशे किलोमीटर धावत अंदमानपर्यंत आली. समुद्रतळ उचलला गेला. लाटा आपल्या मरीना किनाऱ्यावर पोहोचल्या त्या दोन तासांहून अधिक काळाने. एवढा अवधी हाती होता. पण सावध करणारी यंत्रणा नव्हती. हिंदी महासागराभोवतीच्या देशांत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. पुढच्याच महिन्यात निकोबारच्या पूर्वेस, द्रोणीत, चार दिवसांत पाच वा अधिक तीव्रतेचे शंभराहून अधिक धक्के बसले; पण त्यांतून तशी लाट उठली नाही.

म्हणजे प्रत्येक सागरी भूकंप लाट आणतोच असे नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. परंतु कवच आडवे सरकल्यामुळे मोठी लाट उद्भवली नाही. कोठले कवच कसे आहे आणि ते कोणत्या दिशेने सरकते, हे आधी ठाऊक असेल तरच इशाऱ्याला विश्वासार्हता येते. वारंवार फसवा इशारा मिळाला, तर खऱ्या वेळी लोक उठणार नाहीत. हैदराबाद येथे २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र कार्यरत आहे. तेथे भूकंपाच्या नोंदींना समुद्रतळावरील दाबमापकांची जोड दिलेली आहे.

भूकंपाची घटिका आजही कोणास वर्तविता येत नाही. धक्का आणि लाट यांमधील अवधी तेवढा आपल्या हाती असतो. तो वाया जाऊ नये, म्हणून समुद्राच्या तळाशी ही यंत्रे कान देऊन बसविली जातात. इशारा आला तर किनाऱ्यावर कुतूहलाने पाहत न थांबता उंच जागी जावे, एवढे आपण मुलाबाळांना शिकविले, तरी शास्त्रज्ञांच्या श्रमांचे चीज होईल.