वस्ताद, मैदान आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वडसा, अहेरी, सिरोंचापासून लांबचा प्रवास करून आपण येथे आलात. मी जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवणारा माणूस. तेव्हा मोठे व्याख्यान न देता, खेळ शिकवणाऱ्याने मुलांना नेमके काय द्यावे, एवढ्यापुरतेच बोलतो.

तालमीतल्या गुरूला आपण वस्ताद म्हणतो. आपल्या घरात बोलला जाणारा ‘उस्ताद’ तो हाच. तालमीत नवा पोरगा गेला की वस्ताद त्याला लगेच डाव शिकवत नाही. आधी हौद्यातली माती उकरायला लावतो, झाडलोट करायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो. पुष्कळ पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण अंगात ताकद आणि मनात नम्रता एकाच वेळी यावी, म्हणूनच ही रीत आहे. ताकद आधी आली आणि नम्रता मागे राहिली, तर पहिलवान न होता गुंड तयार होतो.

मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर क्रिकेट शिकवीत. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2019 साली ते गेले. सचिन तेंडुलकर लहान असताना दमला की सर स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो बाद करील त्याचे नाणे. कोणीच बाद करू शकला नाही तर ते सचिनचे. अशी 13 नाणी त्याने मिळवली आणि जपून ठेवली. एकदा सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून सचिन आपल्या शाळेच्या दुसऱ्या संघाचा अंतिम सामना पाहायला गेला. सरांनी त्याला तिथेच फैलावर घेतले. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, असा खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील, असे त्यांचे म्हणणे होते. एवढा विक्रमवीर झाल्यावरही ‘छान खेळलास’ हे शब्द सरांकडून मिळाले नाहीत, असे सचिन सांगत असे. त्यात मायेचा अभाव नव्हता. हाच माणूस शिष्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असे.

मुंबई दूर आहे, असे कोणी म्हणेल. मग आपल्याच जिल्ह्यातले पाहा. 2018 साली ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांची आदिवासी मुले एव्हरेस्टवर गेली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम ही 5 मुले मे महिन्यात 8,848 मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचली. या मुलांनी पूर्वी बर्फ पाहिलेला नव्हता. दार्जिलिंग, लडाख येथे अनुभवी प्रशिक्षकांनी त्यांना दोराची गाठ, श्वासाची गती आणि सोबत्याची काळजी, सारे शिकवले. मोहिमेतले सगळेच शिखरावर गेले नाहीत. डोंगरावर परत फिरणे ही हार मानली जात नाही. केव्हा थांबावे हे शिकवतो, तो खरा शिक्षक.

आता एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका शाळेचा कबड्डी संघ तालुका स्पर्धेत नेला. संघ 14 वर्षांखालील मुलांचा होता. एक दणकट मुलगा त्याहून मोठा आहे, त्याचा दाखला खरा नाही, हे मला कळले होते. मी डोळेझाक केली. ढाल आमच्याकडे आली, फोटो निघाले, सत्कार झाला. परतताना राखीव म्हणून बाहेर बसलेला एक किरकोळ अंगाचा मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, परीक्षेत नक्कल केली तर तुम्ही मारता. मग ही ढाल कशी घेतली?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. ढाल मात्र कपाटात राहिली, आणि ते कपाट उघडताना दर वेळी माझी मान खाली जात असे.

त्या दिवसापासून प्रत्येक दाखला मी स्वतः तपासतो. खोट्या ढालीपेक्षा खरा पराभव मुलाला अधिक शिकवून जातो, हे मला एका लहान मुलाने शिकवले.

पालकहो, मुलींविषयी एक विनंती. सातवी-आठवीनंतर आपल्या मुली मैदानावर दिसेनाशा होतात. शेजारच्या तेलंगणातली निजामाबादची निखत झरीन पाहा. तिचे वडील जमील अहमद यांनी बोट धरून तिला मैदानावर नेले. लोक बोलत होते, त्यांनी ते ऐकून सोडून दिले. 2022 साली इस्तंबूलला आणि 2023 साली दिल्लीला ती मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. प्रत्येक मुलगी जगज्जेती होणार नाही. पण जिचे अब्बा मैदानाच्या कडेला उभे आहेत, ती मुलगी पुढे आयुष्यातही मान वर करून उभी राहील.

मुलाला कोणाच्या हाती सोपवताना तीन गोष्टी पाहा. शिक्षक स्वतः वेळेवर येतो का? दुबळ्या मुलाला खेळायची संधी देतो का? हरल्यावर पंचाला शिव्या देतो, की समोरच्या संघाशी हात मिळवतो? या तिन्ही कसोट्यांना तो उतरला, तर पदकाची चिंता करू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शिक्षक चुकला तर त्या मुलासारखे अदबीने पण स्पष्ट विचारा. मात्र त्याच्यासारखे मैदान सोडून जाऊ नका. मैदान तुमचे आहे.