परत न आलेली विमानं

हवाई टपाल म्हटलं की आपल्याला जे. आर. डी. टाटा आठवतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी एका इंजिनाचं चिमुकलं पुस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बल्लारीवरून मद्रासला नेलं. म्हणजे पहिल्याच फेरीला आपलं कर्नाटक वाटेवर होतं! या विन्सेंट यांचं पुढं काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. १९४२ मध्ये इंग्लंडला जाताना त्यांचं विमान नाहीसं झालं.

मला आज अशाच, न पोचलेल्या एका विमानाबद्दल बोलायचं आहे.

१९४९ पासून देशातली साधी पत्रंही जादा आकार न देता विमानानं जाऊ लागली. रात्री चार महानगरांची विमानं नागपूरला जमत, पोत्यांची अदलाबदल होई, पहाटे ती आपापल्या गावी परतत. माणसं आणि पत्रं वाहायला मुख्यतः डकोटा विमान असे. त्यात केबिनमधला हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळं फार उंचावरून जाता येत नसे. पुढचे ढग दाखवणारं रडारही नव्हतं. उत्तरेकडून कोईमतूरला उतरायचं, तर निलगिरी ओलांडून किंवा वळसा घालून मगच खाली यायचं. वाट जराशी चुकली, की समोर डोंगर.

१३ डिसेंबर १९५०. मुंबईहून कोईमतूरला निघालेलं एअर इंडियाचं डकोटा कोटगिरीजवळ, रंगस्वामी स्तंभ नावाच्या सुळक्यापाशी डोंगरावर आदळलं. एकवीस जण होते, सगळे गेले. त्यांत संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल होत्या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानं द्यायला आले होते. वाल्ड यांचं वय अवघं ४८.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये वाल्ड यांच्यापुढं प्रश्न आला होता: बॉम्बफेकी विमानांना चिलखत कुठं बसवायचं? परतलेल्या विमानांच्या अंगावरची गोळ्यांची भोकं मोजलेली होती. वाल्ड यांनी त्यावरून न परतलेल्या विमानांचा हिशेब मांडला. जिथं भोकं कमी दिसतात, तिथं गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत, म्हणून जपायचं तेच ठिकाण. मला हा विसाव्या शतकातला फार मोठा विचार वाटतो, आणि तो मांडणारा माणूस आपल्या शेजारच्या डोंगरात गेला, याची मला हळहळ वाटते.

आपला हवाई टपालाचा इतिहासही आपण पोचलेल्या विमानांवरूनच लिहिला आहे. तो अपुरा आहे.

बंगळूरहून पहाटे निघालात तर दुपारी कोटगिरीला पोचाल. कोडनाडच्या कड्यावरून रंगस्वामी शिखर दिसतं. जरूर जा. आणि घरी आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कडा जळालेलं, किंवा विमान अपघातातून मिळाल्याचा टपाल खात्याचा शिक्का असलेलं पाकीट सापडलं, तर तिकीट सोडवून घेऊ नका. पाकीट आहे तसं ठेवा. कुणी कुणाला लिहिलं होतं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि एका वेगळ्या कागदावर लिहून त्याच्याजवळ ठेवा.